पराभवाचे बक्षीस

दुर्बळास हात द्यावा, हे तत्त्व कोणासही मान्य होईल. परंतु दुर्बळपणाचे माप पराभवांच्या संख्येने घेऊन त्या मापाने बक्षीस वाटू लागले, तर काय घडते, याचा धडा अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलने घालून दिला आहे.

तेथील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनमध्ये दरवर्षी संघ पाळीपाळीने नव्या खेळाडूंची निवड करतात. या पद्धतीस 'ड्राफ्ट' म्हणतात. मागे पडलेल्या संघांनी आधी निवड करावी, म्हणजे सर्व संघ हळूहळू बरोबरीस येतील, हा तिचा मूळ हेतू. पाच जणांच्या या खेळात एक असामान्य खेळाडू संघाचे दैव पालटू शकतो. म्हणून पहिल्या निवडीचे मोल फार.

१९६६ ते १९८४ पर्यंत दोन विभागांतील तळाच्या दोन संघांत पहिल्या निवडीसाठी नाणेफेक होई. तळ गाठला की निम्मी संधी हाती! १९८३-८४ च्या हंगामात ह्यूस्टनचा संघ जाणूनबुजून हरला, असा आरोप झाला आणि १९८५ मध्ये सोडत आली. बाद फेरी न गाठलेल्या सातही संघांस तीत समान संधी होती. पण ८२ पैकी अवघे २२ सामने जिंकून तळाशी बरोबरीत असलेल्या गोल्डन स्टेट संघाच्या वाट्यास सातवी निवड आली. पुढे १९९० पासून खालच्या संघांस अधिक संधी देण्यात आली. १९९३ मध्ये ऑर्लँडोने ६६ त एक एवढ्याच संधीवर पहिली निवड मिळवली, तेव्हा पुन्हा नियम बदलून तळाच्या संघाची संधी शेकडा २५ केली गेली.

या उदारतेचे फळ फिलाडेल्फियात दिसले. तेथील चालकांनी चांगले खेळाडू देऊन भावी निवडींचे हक्क साठवले. २०१३ ते २०१६ या तीन हंगामांत संघाचे विजय अनुक्रमे १९, १८ आणि १० एवढेच झाले. अशा हेतुपुरस्सर हरण्यास तिकडे 'टँकिंग' म्हणतात. २०१९ मध्ये तळाच्या तिन्ही संघांची संधी शेकडा १४ वर आणली गेली. पुढे २०२३-२४ मध्ये १४ च सामने जिंकलेल्या डेट्रॉइटला पाचवी निवड मिळाली. म्हणजे तळ गाठण्याचा लोभ उणावला. हरण्याचा लोभ मात्र सरला नाही. एप्रिल २०२३ मध्ये बाद फेरीची आशा शिल्लक असतानाही प्रमुख खेळाडू बसवून ठेवल्याबद्दल डॅलस संघास साडेसात लाख डॉलर दंड झाला.

यात खेळाडूंस दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. मैदानात उतरलेला खेळाडू सहसा जिंकण्यासाठीच झटतो. पराभव शिजतो तो चालकांच्या कचेरीत. ठकला जातो तो तिकिटाचे पूर्ण दाम मोजून आलेला प्रेक्षक.

आमच्या मते, बाद फेरी न गाठलेल्या सर्व संघांस १९८५ प्रमाणे समान संधी द्यावी, हेच बरे. याने खरोखर दुर्बळ असलेल्या संघावर कधी अन्याय होईल, हा आक्षेप खरा आहे. बाद फेरीच्या उंबरठ्यावरून मागे फिरण्याचा मोहही एखाद्या संघास होईल. तथापि तो मोह हंगामाच्या अखेरच्या काही सामन्यांपुरता राहील. सबंध हंगाम, किंबहुना तीन हंगाम, पराभवाची शेती करण्यात कोणासही लाभ उरणार नाही. दैवाने केलेला अन्याय सोसता येतो, कारण त्यात कोणाचे कपट नसते. नियमानेच कपटास किफायत मिळवून दिली, तर ते पुढे शहाणपण म्हणून मिरवू लागते.

पराभवात लाज नाही. पुरता झगडून हरलेल्या संघाचे आम्ही कौतुकच करू. परंतु हरल्याने लाभ होईल असा नियम जेथे आहे, तेथे झगडणाऱ्या संघासच मूर्ख ठरवले जाते. नियम करणाऱ्यांनी प्रथम जपावयाचे ते याला.