कात्री कुणाच्या हातात?

फोटोंची साप्ताहिकं-मासिकं मेली म्हणून गळा काढणारे पुष्कळ भेटतात. मागं एका प्रदर्शनात असाच एकजण भेटला. म्हणाला, 'लाईफ'सारखं साप्ताहिक आता पुन्हा होणे नाही. मी फटकन बोललो, मेलं ते बरंच झालं. तो गप्प झाला. मला मात्र रात्री झोप लागली नाही. कारण मी अर्धं खोटं बोललो होतो.

आधी मेलेल्याचा हिशेब मांडू. हेन्री लूसनं अमेरिकेत 'लाईफ' काढलं १९३६ साली. भरात असताना ८० लाखांच्या वर खपायचं. मग टेलिव्हिजननं जाहिराती पळवल्या, टपालाचे दर वाढले. 'लुक' १९७१ साली बंद पडलं, 'लाईफ' साप्ताहिक १९७२च्या डिसेंबरात. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्माला आली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. तिकडं मढं, इकडं पाळणा. आपल्याकडचं 'इलस्ट्रेटेड वीकली' १९९३पर्यंत तगलं, मग तेही गेलं.

पण 'लाईफ' जिवंत होतं तेव्हा आतमध्ये काय चालायचं? गॉर्डन पार्क्सला विचारा. १९१२ साली कॅन्ससमधल्या गरीब काळ्या घरात जन्मलेला माणूस. गहाणवटीच्या दुकानातून साडेसात डॉलरला कॅमेरा घेतला आणि पुढं 'लाईफ'चा पहिला काळा स्टाफ फोटोग्राफर झाला. १९४८ साली हार्लेममधल्या टोळीच्या एका १७ वर्षांच्या म्होरक्यामागं तो काही आठवडे फिरला. शेकडो फोटो काढले. मारामाऱ्या काढल्या, तसे घरातले, आईबरोबरचे, भावाबरोबरचेही काढले. छापले किती? २१. आणि पानांवर भर कशाचा? भीतीचा आणि हाणामारीचा. काही फोटो कापले, काही मुद्दाम गडद छापले. ही सगळी कापाकापी लोकांसमोर आली २०१३ साली, न्यू ऑर्लिन्सच्या संग्रहालयात कॉन्टॅक्ट शीट आणि छापील पानं शेजारी-शेजारी मांडली तेव्हा. डोळा काळ्या माणसाचा, कात्री गोऱ्या टेबलावर.

हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. काही वर्षांमागं मी एका मासिकासाठी गटारात उतरणाऱ्या कामगारावर काम केलं. तीन आठवडे त्याच्या मागं होतो. मॅनहोलमध्ये उतरताना काढला, घाणीनं माखून वर येताना काढला. पण रात्री आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पोरीच्या वहीला खाकी कव्हर घालतानाही काढला. युनियनच्या मिटिंगीत बोट रोखून बोलताना काढला. संपादकानं एकच फोटो उचलला. गटारातनं वर आलेलं मुंडकं.

मी विचारलं, "बाकीचे?"

"अरे, त्यात स्टोरी कुठंय? इस्त्रीच्या शर्टात तर तो कुणीही वाटतो."

कुणीही वाटतो! च्यायला, तेच तर दाखवायचं होतं.

अंक घेऊन त्याच्या घरी गेलो. पोरीनं पान उघडलं, बघितलं, मिटलं. एक शब्द बोलली नाही. माझे पैसे पाच महिन्यांनी आले. ती मात्र माझ्याशी परत बोलली नाही.

आता कुणी म्हणेल, हा जातीचा राग आहे, संपादक सगळ्यांशीच तसे वागतात. वागतात ना. युजीन स्मिथ गोरा होता, नावाजलेला होता, तरी श्वाइट्झरवरच्या फोटोंची मांडणी आपल्या हातात राहिली नाही म्हणून त्यानं 'लाईफ' सोडलं. लंडनच्या 'पिक्चर पोस्ट'चा संपादक टॉम हॉपकिन्सन तर फोटोग्राफरच्या बाजूनं उभा राहिला. १९५० साली दक्षिण कोरियातल्या राजकीय कैद्यांचे हाल दाखवणारे बर्ट हार्डीचे फोटो आणि जेम्स कॅमेरॉनचा मजकूर छापायला तो निघाला, तर मालकानं छपाई थांबवून त्यालाच हाकलला. म्हणजे संपादकाच्या मागं मालक आणि मालकाच्या मागं त्याची सत्ता. हे ओळखूनच कापा, कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९४७ साली 'मॅग्नम' उभारली. फोटोवर हक्क काढणाऱ्याचा, मासिकाचा नव्हे. गोऱ्याला जे भांडून मिळवावं लागलं, ते आपल्या पोराला कोण देणार?

मग माझं अर्धं खोटं कुठलं? मासिकं मेली ते बरं झालं, हे. एका माणसामागं तीन आठवडे फिरायला कुणीतरी पैसे देत होतं, ते गेलं. आज मोबाईलवर ढिगानं फोटो येतात, ते काढणाऱ्याची रोजी कुणी देत नाही. आधी भांडायला समोर संपादक तरी होता. आता कात्री दिसतच नाही, पण चालते. जे भडक ते वर, जे साधं ते तळाला.

आणि दोस्तांनो, जरा आपल्या घरात या. अत्याचाराची बातमी आली की आपण काय छापतो? प्रेत. मीही छापलंय. तो पोरगा जिवंतपणी हसायचा कसा, मोटारसायकलवर बसायचा कसा, ते त्याच्या आईकडं मागायचं मला सुचलंसुद्धा नाही. कात्री माझ्या हातात आली आणि त्या संपादकासारखीच चालली.

म्हणून आपल्या अंकापुरतं तरी ठरवू. फोटो निवडताना काढणारा टेबलावर बसेल. त्याला दाखवल्याशिवाय फोटो कापायचा नाही, फोटोओळ छापायची नाही. ज्याचं तोंड छापतोय, त्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी पान आधी बघायचं. वेळ लागेल, लागू दे.

सुरुवात करतोय. वहीवाला फोटो या अंकात आहे, पूर्ण, न कापता. त्याला विचारायला गेलो होतो. म्हणाला, "छाप. पण शर्टाची कॉलर नीट दिसली पाहिजे."

दिसतेय.