राष्ट्रपतींची श्रद्धा आणि राजधर्म

महाशिवरात्रीच्या पर्वावर सोमनाथाचे स्मरण होताच डॉ. राजेंद्रप्रसाद आठवतात. दि. ११ मे १९५१ रोजी त्यांच्या हस्ते तेथे ज्योतिर्लिंगाची प्रतिष्ठापना झाली. सर्व धर्मांना समान लेखणाऱ्या राज्याच्या राष्ट्रपतींनी या सोहळ्यास जाऊ नये, असे पंतप्रधान नेहरूंचे मत होते. निमंत्रण आल्यास आपण मशिदीत आणि चर्चमध्येही जाऊ, अशी राजेंद्रबाबूंची भूमिका होती. मंदिरासाठी द्रव्यही लोकवर्गणीतून उभे राहिले होते.

तथापि त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी दिल्लीत लागली. हिंदू संहिता विधेयकाला त्यांचा विरोध होता आणि १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधानांना तसे स्पष्ट कळविले होते. पुढे लोकनिर्वाचित संसदेने हिंदू विवाह अधिनियम संमत केला, तेव्हा १९५५ मध्ये त्यांनी त्यास अनुमती दिली. स्वमताहून त्यांनी संविधानाची शपथ श्रेष्ठ मानली.

आजही उच्चपदस्थांच्या देवदर्शनावरून वाद माजतात. सुज्ञ वाचकहो, पदाधिकारी कोणत्या देवापुढे हात जोडतो, हा त्याचा स्वधर्म होय. त्याच हातांनी तो स्वाक्षरी कशावर आणि कोणाच्या हितासाठी करतो, हा राजधर्म होय. प्रजेने हिशेब मागावा तो या दुसऱ्याचा.