पायाखालचे अरण्य

किमान एक हेक्टर जमीन आणि तिच्यावर दहा टक्के वृक्षछत्र, एवढे असले की भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार ते 'वनाच्छादन' ठरते. झाडे कोणत्या जातीची, जमीन कोणाच्या मालकीची, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. उपग्रहाला हिरवा रंग दिसतो. त्याखाली काय जगते आणि काय मरते, हे दिसत नाही. परिणामी, सह्याद्रीत पिढ्यानपिढ्या राखलेली देवराई आणि सरळ रांगांत लावलेला साग या हिशेबात एकाच पंक्तीत बसतात.

वस्तुतः अरण्याची खरी परीक्षा पायाखाली होते. गांडुळे, वाळवी, मुंग्या, शेणकिडे, गोगलगायी, पैसा किडा हे क्षुद्र भासणारे जीव पालापाचोळा आणि शेण-लाकूड खाऊन, फोडून, मुरवून माती घडवितात. केवळ गांडुळांच्या या कार्यावर चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

सदाहरित राईत नाना वृक्षांची पाने वर्षभर गळत असतात, कोसळलेले खोड जागीच कुजते आणि भर वैशाखातही जमीन ओलसर राहते. सागवन मात्र उन्हाळ्यात निष्पर्ण होते. एकाच जातीच्या पानांचा थर, वेळोवेळी होणारी विरळणी आणि वणवा यांत ओलाव्यावर जगणाऱ्या जीवांचा निभाव लागणे कठीण. तेथे जीव नसतातच असे नव्हे; मुंग्यांच्या काही जाती उघड्या जमिनीवर उलट फोफावतात. म्हणूनच नुसती डोकी मोजून भागत नाही, जाती पाहाव्या लागतात. १८४७ साली कलकत्त्यात आणलेली आफ्रिकी गोगलगाय बागांत, शेतांत सुखेनैव नांदते. जंगलाच्या ओलाव्याला बांधल्या गेलेल्या सह्याद्रीच्या खास गोगलगायींना ते साधत नाही.

लाकडाची गरज समाजाला आहेच. तेव्हा लागवडीवर बहिष्कार हा उपाय नव्हे. परंतु लागवड आणि नैसर्गिक वन यांची आकडेवारी स्वतंत्रपणे मांडावी, सागवनात पडलेली खोडे राहू द्यावीत, ओढ्याकाठी स्थानिक वृक्षांचे पट्टे राखावेत, एवढी अपेक्षा निश्चितच अवाजवी नाही.

शासनाला प्रश्न विचारताना आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचे महत्त्व अभ्यासकांपुढे मांडले. अनेक देवरायांत वाळलेली काटकीही घरी न नेण्याचा दंडक होता. पूर्वजांनी देवाच्या धाकाने का होईना, पालापाचोळ्यालाही अभय दिले. आज जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्याच राईत सिमेंटचा सभामंडप उभा राहतो, फरशी पसरते, मोटारींसाठी झाडे पडतात आणि 'स्वच्छता' म्हणून पाचोळा पेटविला जातो. देऊळ भव्य होते, देवाचे रान मात्र उजाड होते. देवराईत राई उरली नाही, तर आपण नेमका कशाचा जीर्णोद्धार केला, याचे उत्तर प्रत्येक गावाच्या देवस्थान समितीने पुढचा ठराव करण्यापूर्वी द्यावे.