लोंबकळ्याची कैफियत

दारव्ह्यात एखादी गोष्ट गुप्त ठेवायची असेल, तर ती चौकात उभं राहून मोठ्यानं सांगावी. कोणी विश्वास ठेवत नाही. मी मात्र मागच्या खोलीचं दार लावून काम सुरू केलं आणि आठ दिवसांत गावभर झालं, की गुर्जी निवृत्त झाल्यापासून घरात यंत्रमानव बनवून राहिले आणि तो म्हणे चित्रं काढते!

बातमी खरी होती. घोटाळा केला तो ‘मानव’ या शब्दानं. बघायला येणारे लोक पत्र्याचा, चौकोनी छातीचा, डोळ्यांत लाल दिवे असलेला इसम शोधत येत. त्यांना दिसे ती भिंतीशी उभी केलेली प्लायवूडची फळी. तिच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन मोटरी, दोन्हींवरून खाली आलेल्या दोन दोऱ्या, दोऱ्या जिथं भेटतात तिथं साबणाच्या डबीचं झाकण, झाकणाला बांधलेला कुंचला, आणि दोऱ्या ताठ राहाव्यात म्हणून खाली अडकवलेलं पाव किलोचं वजन. शेजारच्या रिटायर्ड हेडक्लार्कांनी पाच मिनिटं हे सगळं निरखलं आणि विचारलं, “गुर्जी, यात मानूस कुठी हाये?”

“हाच तो.”

“हा त नुसता लोंबकळून राहिला ना बाप्पा!”

त्या दिवसापासून आमच्या चित्रकाराचं नाव ‘लोंबकळ्या’ पडलं. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याची कैफियत मी मांडतो आहे. त्याच्यावर आरोप तीन आहेत.

पहिला आरोप : याचा उपयोग काय?

हा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांच्या शोकेसमध्ये काचेचे दोन राजहंस, एक ताजमहाल आणि लग्नात आलेला, अजून न उघडलेला डिनर सेट असतो. त्यांचा उपयोग काय, असं आपण कधी विचारलं आहे? उपयोगाचा हिशेब फक्त दुसऱ्याच्या छंदाला लावायचा असतो. तरीही सांगतो.

तीस वर्षं मी पोरांना पायथागोरस शिकवला. दरसाल एक शिडी भिंतीला टेकवली, तिचा पाय भिंतीपासून अमुक अंतरावर ठेवला आणि शिडीची लांबी विचारली. त्या शिडीवर तीस वर्षांत कोणी चढलं नाही. लोंबकळ्याचा मात्र सगळा संसार त्या प्रमेयावर चालतो. त्याच्या दोन मोटरींमध्ये 120 सेंटिमीटर अंतर आहे. कुंचला डाव्या मोटरीपासून 60 सेंटिमीटर उजवीकडे आणि 80 सेंटिमीटर खाली हवा असेल, तर दोरी किती सोडायची? 60 चा वर्ग 3600, 80 चा 6400, बेरीज 10000, वर्गमूळ 100. दोन्ही दोऱ्या शंभर-शंभर सेंटिमीटर सोडल्या आणि कुंचला फळीच्या मध्यरेषेवर येऊन थांबला, तेव्हा मागच्या खोलीत मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. तीस वर्षं जे मी सिद्ध करत होतो, ते खरंही आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याआधीचं वर्तुळ-प्रकरण मात्र लपवण्यात अर्थ नाही. मोटरी भंगारवाल्याकडच्या, एका मेलेल्या झेरॉक्स मशीनच्या. या जातीची मोटर गरगर फिरत नाही, पावलं टाकते. एका फेरीला 200, म्हणजे दर पावलाला 1.8 अंश. सुधाराव्या लागलेल्या पोरासारखी तिला प्रत्येक पाऊल सांगावं लागतं. ते सांगायला पत्त्याएवढा एक आर्डुइनो बोर्ड आणला. 2005 साली इटलीतल्या मास्तरांनी आपल्या विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून काढलेला. मास्तरांनी काढलेला, म्हणून माझा विश्वास बसला. सगळं जोडून मी लोंबकळ्याला वर्तुळ काढायला सांगितलं. त्यानं वांगं काढलं. परत सांगितलं. परत वांगं. आमची सौ. म्हणाली, “देठही काढायला सांगा, म्हणजे ओळखू येईल.”

चार दिवसांनी उलगडा झाला. दोरी रिळावर गुंडाळताना दोरीवर दोरी चढत होती. त्यानं रिळाचा घेर वाढे आणि एका पावलाला ठरल्यापेक्षा जास्त दोरी ओढली जाई. मग दोरीच्या जागी पडद्याची मण्यांची साखळी आली आणि सुताराकडून मण्यांसाठी खळगे पाडलेली दोन सागवानी चाकं करून घेतली. वांग्याचं वर्तुळ झालं. निवृत्तीनंतर इतकं शिकायला मिळालं, हा उपयोग नसेल तर ते राजहंस मला देऊन टाका.

दुसरा आरोप : यंत्रानं काढलेली ती कला नव्हे.

हा आरोप करणारे गृहस्थ सुसंस्कृत असतात. त्यांच्या घरी देवघरात जुन्या चौकटीत बसवलेली लक्ष्मी असते. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं एकेका रंगासाठी वेगळा दगड करून देवादिकांच्या तसबिरी यंत्रावर निघाल्या, आणि ज्या घरांना खरं तैलचित्र पाहायलाही मिळालं नसतं, त्या घरांत लक्ष्मी-सरस्वती पोचल्या. त्या यंत्रातून आल्या, म्हणून आमच्या आजीनं नमस्कार करायचं ठेवलं नाही.

बरं, रेघ ओढणारं यंत्र हेही काही मी दारव्ह्यात लावलेला शोध नव्हे. झां टँगेली नावाच्या स्विस शिल्पकारानं 1959 साली पॅरिसमध्ये चित्रं काढणारी खडखडती यंत्रं मांडली होती. हॅरॉल्ड कोहेन नावाच्या इंग्रज चित्रकारानं सत्तरीच्या दशकात ‘आरोन’ नावाचा चित्रं काढणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि 2016 साली मरेपर्यंत तो त्यालाच चित्रकला शिकवत राहिला. दोरीला लोंबकळण्याची युक्तीसुद्धा उसनी आहे. 2002 साली स्वित्झर्लंडात दोघा तरुणांनी रंगाचा फवारा मारणारा डबा असाच दोन मोटरींवर टांगला होता. त्याचं नाव ‘हेक्टर’. आमच्या घराण्याचा मूळ पुरुष तो.

यातल्या कोहेनकडे जरा लक्ष द्या. हा गृहस्थ 1966 साली व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात ब्रिटनच्या वतीनं गेलेला नाणावलेला चित्रकार. आधी चित्रकार, मग यंत्रवाला. म्हणजे यंत्राला देण्याजोगं त्याच्याकडे काहीतरी होतं. यंत्र ही बरणी आहे हो! लोणचं त्यात मुरतं, पण कैरी आधी कुणीतरी चिरलेली असावी लागते.

माझ्याकडे कैरी नव्हती. ती पेंटरनं आणली.

आमच्या गावच्या पेंटरला नावानं कोणी हाक मारत नाही. ‘पेंटर’ हेच त्याचं नाव. किराणा दुकानांपासून दवाखान्यांपर्यंत पाट्या त्याच्या हातच्या. शाळेच्या भिंतीवरचे सुविचारही त्याचेच. 2000 सालानंतर फ्लेक्स आलं आणि पाच-सात वर्षांत त्याचे डबे वाळले. आता गाड्यांचे नंबर, निवडणुकीतल्या भिंती आणि वर्षातून एकदा तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदीबैल, एवढंच काम उरलं. यंत्रानं कला मारली असं म्हणण्याचा हक्क साऱ्या दारव्ह्यात असलाच तर या माणसाला आहे. तो एका दुपारी आला, मोड्यावर बसला, लोंबकळ्याची करामत बघितली आणि म्हणाला, “गुर्जी, बुरूस कोरडा झाला, तरी तुमचं पोट्टं रेघ मारूनच राहिलं.”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पेनाला शाई पुरते, कुंचल्याला रंग पुरत नाही. पेंटर म्हणाला, वीतभर रेघ झाली की बुडवायचा, काठावर निपटायचा, मग पुढं. फळीच्या कोपऱ्यात रंगाची वाटी बसवली (ती स्टीलची होती आणि स्वयंपाकघरातली होती, हे नंतर उघडकीला आलं). लोंबकळ्या वीतभर रेघ ओढून वाटीकडे जायला शिकला. दुसऱ्या दिवशी पेंटर म्हणाला, “जाते तसाच रेघेवर पडते. जरा दम धराले सांगा त्याले.” म्हणजे असं, की कुंचला नव्या जागी पोचला, तरी वजनामुळं थोडा वेळ झुलतो. पेंटरही उंच शिडीवर कुंचला टेकवण्याआधी श्वास रोखून धरत असे. आम्ही प्रोग्रॅममध्ये दोन सेकंदांचा थांबा घातला. लोंबकळ्या श्वास धरायला लागला आणि त्याची रेघ बदलली. तिसऱ्या दिवशी पेंटरनं अक्षराचं पोट आधी आणि शिरोरेघ मागून, हा आपला क्रम सांगितला. चाळीस वर्षांचं शहाणपण. आजवर ते त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

मीही नाही. माझ्या निरोप समारंभाचा फलक फ्लेक्सचा होता. त्यावर माझा एक फोटो आणि माझ्याहून मोठे सात शुभेच्छुकांचे फोटो. माझ्या आडनावात एक काना जास्त. छापणारा म्हणाला, “पाठवलं तसंच छापलं.” पेंटरकडे जावं, असं तेव्हा मलाही सुचलं नाही. तेव्हा फ्लेक्सनं पेंटरला संपवलं, असं म्हणून यंत्राच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही. स्वस्त, झटपट, आणि चुकलं तरी आपली चूक नाही, या तीन सोयींसाठी आम्ही त्याला संपवलं. यंत्र बिचारं वीज आली की फिरतं.

तिसरा आरोप माझ्या नातीचा. तिनं सुटीत पुण्याहून येऊन लोंबकळ्या पाहिला आणि म्हणाली, “आजोबा, यात सहा महिने घालवलेत? फोनला नुसतं सांगितलं की अर्ध्या मिनिटात चित्र येतं.”

येतं. चांगलंही येतं. 2018 साली न्यूयॉर्कच्या लिलावात संगणकानं जुळवलेलं एक व्यक्तिचित्र 4,32,500 डॉलरला गेलं. त्याला कुंचला लागलाच नव्हता; ते कॅनव्हासवर छापलेलं होतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझा मुद्दा एवढाच, की त्या अर्ध्या मिनिटात माझ्या नातीला काय समजलं? रंग कुठं संपतो, रेघ कुठं थरथरते, वर्तुळाचं वांगं का होतं, यातलं काहीच नाही. दुकानचं लोणचं खायला हरकत नाही. पण कैरी चिरता येणारी शेवटची बाई घरातून गेली, की मग दुकानदार देईल ती चव. नि ही चव वाईट आहे हे सांगायलाही कोणी उरत नाही.

आणि वेगाचं म्हणाल, तर आम्हाला त्याचं कौतुक सांगू नका. आम्ही शकुंतलेच्या वाटेवरची माणसं. मूर्तिजापूर-यवतमाळच्या त्या अरुंद रुळांवर 1921 साली मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन 1994 सालापर्यंत धावलं. ते एवढं टिकलं, कारण ते उघडता येत होतं आणि उघडून पुन्हा लावणारे हात होते. जे यंत्र उघडता येतं ते घरातलं. जे उघडता येत नाही ते पाहुणं. त्याची मर्जी सांभाळावी लागते.

नात यावर काही बोलली नाही. मात्र संध्याकाळी ती आणि पेंटर चाकाच्या खळग्यात अडकलेला मणी सोडवत बसले होते. फोन वाटीशेजारी पडला होता आणि त्यावर निळा रंग सांडला होता.

सुटी संपायच्या आत लोंबकळ्यानं पहिली पाटी रंगवली. अडीच तास लागले. पाटीवर शब्द एकच : ‘पेंटर’. गावभर पाट्या लावणाऱ्या त्या माणसाच्या दारावर स्वतःची पाटी कधी नव्हतीच. शेवटच्या ‘र’वर साखळी घसरली आणि शेपूट वाकडं गेलं. मी प्रोग्रॅम तपासायला धावलो. पेंटरनं कुंचला मागितला, श्वास धरला आणि एका फटक्यात ते शेपूट असं वळवलं, की आता सगळ्या पाटीत तेवढंच बघावंसं वाटतं. “पोट्टं बरं हाये,” तो म्हणाला, “शिकंल.”

कैफियत इथं संपायची. पण दिवाळी तोंडावर आली आणि चौथा आरोप दाखल झाला.

“अहो,” सौ. म्हणाली, “तुमच्या त्या लोंबकळ्याला बैठकीच्या भिंतीला डिस्टेंपर देता येईल का?”

“अगं, तो कलावंत आहे!”

“हो का? मग तुम्ही द्या.” आणि तिनं शेजारून आणलेली शिडी भिंतीला टेकवली.

मी सवयीनं शिडीचा पाय भिंतीपासून किती लांब आहे ते मोजलं, उंची मोजली, वर्ग केले, बेरीज केली. उत्तर बरोबर आलं. तीस वर्षांत प्रथमच मग मी तीवर चढलो. तिसऱ्या पायरीवर कळलं, की हे प्रमेय हलतं.