गुणसूत्रांची कात्री आणि तिचा पहारेकरी

गर्भ राहिला आणि दोन-अडीच महिन्यांत पडला, की घरात प्रश्न विचारले जातात ते बाईला. पपई खाल्ली का, जड काही उचलले का, दुचाकीवरून फिरली का. वैद्यकशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. पहिल्या तीन महिन्यांत आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते, आणि ही चूक बहुतेकदा गर्भधारणेच्याही आधी, बीजपेशी तयार होताना झालेली असते. ती कशी होते, याची बरीचशी उकल ज्या जिवाने करून दिली तो बेकरीतला आहे. पाव फुगवणारे यीस्ट.

यीस्ट एकपेशीय असले तरी त्याच्या पेशीत माणसासारखेच केंद्रक असते. त्यात १६ गुणसूत्रे, जोडीने असली तर ३२. खायला भरपूर असेल तोवर ते नुसते वाढत राहते. उपासमार झाली, नायट्रोजन संपला, की जोडीची गुणसूत्रे असलेली पेशी अर्धगुणसूत्री विभाजन सुरू करते : गुणसूत्रांची नक्कल एकदा, विभाजन दोनदा. शेवटी चार बीजाणू, प्रत्येकात १६ गुणसूत्रे. माणसात ४६ ची २३ होतात ती याच रीतीने. फरक इतकाच, की यीस्टमधला एखादा जनुक बिघडवून कोणत्या टप्प्यावर गाडी अडते हे काही दिवसांत पाहता येते. साध्या पेशीविभाजनाचा असाच ‘बिघडवून पाहण्याचा’ अभ्यास यीस्टवर करणाऱ्या लेलंड हार्टवेल यांना २००१ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

पहिली अडचण गुंत्याची. डीएनएची नक्कल होते तेव्हा दोन्ही प्रती एकमेकींत पीळ घालून अडकलेल्या असतात. त्या ओढून वेगळ्या करायला गेले तर तुटतील. येथे टोपोआयसोमरेज-२ हे विकर कामाला येते. ते डीएनएचे दोन्ही धागे कापते, त्या फटीतून शेजारचा डीएनए पलीकडे काढते आणि काप पुन्हा जोडून टाकते. मांजाचा गुंता सोडवताना वैतागून दोरा तोडणारे आणि गाठ मारणारे पुष्कळ असतात. येथे गाठीचा मागमूसही उरत नाही. (एटोपोसाइड हे कर्करोगावरचे औषध याच विकराला कापू देते, जोडू मात्र देत नाही.) यीस्टमध्ये हे विकर निकामी केले की अर्धगुणसूत्री विभाजन पहिल्याच फेरीत अडते.

त्याच्या जोडीला कंडेन्सिन असते. प्रथिनांचे हे कडे ऊर्जा खर्च करून डीएनएचे वेढे ओढत जाते आणि लांबलचक धाग्याची आटोपशीर गुंडाळी होते. यीस्टमधले कंडेन्सिन असा वेढा ओढताना २०१८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसले.

यानंतरची गोष्ट अधिक नवलाची. टोपोआयसोमरेजच्या कुळातलेच स्पो११ नावाचे प्रथिन गुणसूत्रे मुद्दाम कापते, आणि जोडत मात्र नाही. यीस्टच्या एका पेशीत असे दीडशेच्या आसपास काप होतात. दुरुस्तीसाठी पेशी जोडीदार गुणसूत्राचा नमुना वापरते. त्यातून आई आणि वडील यांच्याकडून आलेल्या गुणसूत्रांत देवाणघेवाण होते, आणि दोघे जोडीदार एकमेकांना बांधलेही जातात. हे बंधन नसेल तर पहिल्या विभाजनात कोण कुठे जाईल याचा नेम राहत नाही.

बांधलेले सोडवायचे कसे? नक्कल झालेल्या प्रतींना कोहेसिन या प्रथिनाच्या कड्यांनी एकत्र धरलेले असते. सेपरेज हे विकर या कड्या कापते. पण पहिल्या विभाजनात कात्री चालवायची ती फक्त गुणसूत्रांच्या भुजांवर. मध्यभागाजवळच्या कड्या दुसऱ्या विभाजनापर्यंत शाबूत राहायला हव्यात. कात्रीला हे कसे कळते? उत्तर २००४ मध्ये जपानी संशोधकांना यीस्टच्याच दुसऱ्या एका जातीत मिळाले. मध्यभागी एक प्रथिन पहारा देत असते. त्याचे नाव त्यांनी ‘शुगोशिन’ ठेवले, म्हणजे रक्षक देवता. कडीवर फॉस्फेटची खूण असेल तरच सेपरेज ती कापते. शुगोशिन दुसऱ्या एका विकराला बोलावून ती खूण पुसून घेते. दुसऱ्या विभाजनाच्या वेळी पहारा उठतो आणि उरलेल्या कड्या तुटतात.

यीस्टमध्ये हा सगळा खेळ काही तासांत संपतो. स्त्रीच्या शरीरात त्याला दशके लागतात. मुलगी स्वतः आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजपेशींत अर्धगुणसूत्री विभाजन सुरू होते, जोडीदार गुणसूत्रे बांधली जातात आणि काम थांबते. ते पुढे सरकते थेट वयात आल्यावर, दर महिन्याला एखाद्या बीजात. चाळिशीतल्या स्त्रीचे बीज म्हणजे चाळीस वर्षे धरून ठेवलेली गाठ. उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की जन्माच्या सुमारास बसवलेल्या कड्या नंतर बदलल्या जात नाहीत आणि वयाबरोबर त्या कमी होत जातात. गाठ वेळेआधी सैल झाली की एखादे गुणसूत्र चुकीच्या बाजूला जाते. एकविसावे गुणसूत्र जास्तीचे आले तर डाऊन सिंड्रोम. आईचे वय २५ असताना याची शक्यता सुमारे १,२०० बाळांमागे एक असते, चाळिशीत ती शंभरात एकाच्या घरात जाते.

यात पपईचा संबंध कुठेच येत नाही. ‘बीजाचा दर्जा सुधारणाऱ्या’ महागड्या पुड्यांचाही नाही. सैल झालेली कडी पुन्हा बसवणारे औषध आज कोणत्याही दुकानात मिळत नाही. उशिरा लग्न, उशिरा मूल हा दोघांचा, कधी दोन्ही घरांचा निर्णय असतो, पण जाब एकीलाच द्यावा लागतो. वारंवार गर्भपात होत असेल तर पडलेल्या गर्भाच्या ऊतींची गुणसूत्र तपासणी करता येते. पती-पत्नी दोघांच्याही रक्तातून गुणसूत्रे तपासतात, कारण गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असेल तर ती दोघांपैकी कोणातही असू शकते. या तपासणीसाठी नवऱ्याचे रक्त घ्यायला एक साधी सुई पुरते.