सरासरीत बुडालेली शेवटची तारीख

महाबळेश्वरला वर्षाकाठी 5 हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, फलटणला जेमतेम 500च्या आसपास. दोन्ही ठिकाणं एकाच सातारा जिल्ह्यातली. जिल्ह्याची सरासरी काढून कोणी ‘पाऊसमान उत्तम’ असा शेरा मारला, तर नीरा उजव्या कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेला फलटणचा शेतकरी त्या कागदाकडे ढुंकूनही बघणार नाही. आकडा खरा असेल, पण त्याच्या शिवारात तो पडलेला नाही. पीकविम्याचा हिशेब महसूल मंडळापर्यंत खाली आला तो याच कारणाने.

पावसाबाबत पटलेली ही गोष्ट सरकारी संगणकांच्या बाबतीत मात्र विसरली जाते.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभं राहून मोबाइलवर पिकाची नोंद करायची, फोटो चढवायचा. कल्पना चांगलीच आहे. तलाठ्याच्या वहीत अडकलेली नोंद शेतकऱ्याच्या हातात आली. पण मुदत संपत आली की ‘सर्व्हर डाऊन’ची ओरड होते आणि मुदतवाढ द्यावी लागते, हेही राज्याने वारंवार पाहिलं. अशा वेळी एखाद्या यंत्रणेचा महिन्याचा अहवाल काय सांगेल? समजा, त्यात लिहिलं आहे: यंत्रणा 99.5 टक्के वेळ सुरू होती. ऐकायला झकास. पण 30 दिवसांचे 720 तास होतात आणि त्यांतला अर्धा टक्का म्हणजे 3 तास 36 मिनिटं. हा वेळ रोज पहाटे थोडा थोडा गेला असेल, तर कोणाचंच बिघडलं नाही. तो शेवटच्या तारखेच्या दुपारी सलग गेला असेल, तर रानातून हात हलवत परत आलेल्यांच्या दृष्टीने यंत्रणा बंदच होती. दोन्ही महिन्यांचा आकडा मात्र एकच.

सर्व्हरवरचा भारही असाच फसवतो. दिवसातले दोन तास यंत्र पूर्ण क्षमतेने धापा टाकत असेल आणि उरलेले बावीस तास 15 टक्क्यांवर असेल, तर दिवसाची सरासरी भरते 22 टक्के. तो आकडा बघून साहेब म्हणणार, यंत्र तर रिकामंच आहे, नवं कशाला घ्यायचं? यात दोष मोजणाऱ्याचा नसतो. देखरेखीची साधनं जुनी माहिती मुद्दामच आटवतात, नाहीतर साठवणार कुठे? एमआरटीजी हे जगभर वापरलं गेलेलं जुनं साधन दिवसाच्या आलेखात पाच मिनिटांची सरासरी दाखवतं, महिन्याच्या आलेखात दोन तासांची आणि वर्षाच्या आलेखात थेट एका दिवसाची. दहा मिनिटांची कोंडी वर्षाच्या आलेखात शोधणाऱ्याला ती सापडणारच नाही. वर्षाचा आलेख पुढच्या वर्षी किती क्षमता लागेल याचा कल पाहायला उत्तम आहे; काल दुपारी काय झालं, हे त्याला विचारू नये.

प्रतिसादाच्या वेळेचं तर आणखी अवघड. हजार अर्जांपैकी 990 अर्ध्या सेकंदात गेले आणि 10 जणांना प्रत्येकी एक मिनिट थांबावं लागलं, तरी सरासरी येते सुमारे 1.1 सेकंद. त्या दहा जणांचा पत्ताच नाही. म्हणून जाणते लोक शततमक मागतात: शंभरातल्या 99 जणांचं काम किती वेळाच्या आत झालं? गुगलच्या जेफ डीन आणि लुईझ बारोझो यांनी 2013 मध्ये एक हिशेब मांडला होता. एका सर्व्हरला शंभरातून एकदाच सेकंदाहून जास्त वेळ लागतो, पण एका विनंतीसाठी असे शंभर सर्व्हर कामाला लावावे लागतात असं धरा. मग 63 टक्के विनंत्या सेकंदाहून जास्त रेंगाळतात. शिवाय रोजची शततमकं घेऊन महिन्याची सरासरी काढण्याचा उद्योगही होतो. तो गणितातच बसत नाही, कारण ज्या दिवशी लाख अर्ज आले आणि ज्या दिवशी शंभर आले, ते दोन्ही दिवस त्यात सारखेच तोलले जातात.

सगळ्यांत घातक भाग वेगळाच आहे. ‘काही वेळाने प्रयत्न करा’ हा संदेश सर्व्हर क्षणार्धात पाठवतो. तो झटपट प्रतिसाद म्हणून मोजला गेला, तर यंत्रणा जितकी कोसळते तितकी सरासरी सुधारते! आणि ज्याची विनंती सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही, त्याची तर नोंदही नाही.

28 एप्रिल 2021 रोजी कोविड लसीकरणाच्या को-विन संकेतस्थळावर 18 वर्षांपुढच्यांची नोंदणी दुपारी चार वाजता खुली झाली. सुरुवातीला संकेतस्थळ अडखळलं, तरी त्या दिवशी सव्वा कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. अख्ख्या एप्रिलची सरासरी काढली, तर त्या चार वाजताच्या लोंढ्याचा मागमूस राहणार नाही, आणि तयारी तर त्याच लोंढ्यासाठी करायची होती.

म्हणून ज्या सरकारी यंत्रणेला मुदतीची तारीख आहे, तिच्या अहवालात शेवटच्या तीन दिवसांचे आकडे तासवार आणि वेगळे छापायला हवेत. किती अर्ज सुरू झाले, किती पुरे झाले, किती मध्येच तुटले, हे जिल्हावार द्यावं. मुदतवाढ किती दिवसांची द्यायची, हेही मग त्या तुटलेल्या अर्जांच्या संख्येवरून ठरवता येईल.