रस्ता गावाचा, टोलही गावालाच?

शेतकरी बंधूंनो, अमेरिकेतले रस्ते सरकारने आयते करून दिले असे वाटत असेल, तर तिथल्या ८१ नंबरच्या हायवेची हकीगत ऐका. कॅनडाच्या सीमेवरून निघून दोन्ही डाकोटा, नेब्रास्का, कॅन्सस, ओक्लाहोमा अशा गहू-मक्याच्या मुलखातून तो टेक्सासात उतरतो.

१९११ साली कॅन्ससच्या मंडळींनी 'मेरिडियन रोड' म्हणून त्याची चळवळ उभी केली. जमीनमोजणीच्या सहाव्या मुख्य रेखावृत्तावरून हे नाव पडले. सरकारी नंबर मिळाला १९२६ साली. म्हणजे आधी माणसे, मग शिक्का!

यँक्टन गावापाशी मिसुरी नदीवर कायमचा पूल नव्हता. लोकांनीच शेअर घेऊन पैसा उभा केला आणि १९२४ साली पूल खुला झाला. पण टोल मात्र १९५३ पर्यंत सुटला नाही. आमचे म्हणणे इथेच आहे. पुढाकार गावाने जरूर घ्यावा. पण पदरमोड करणाऱ्यांच्याच गाड्यांनी २९ वर्षे टोल भरावा, हा कुठला न्याय?

पुढे इंटरस्टेट ३५ ने दक्षिणेची वाहतूक ओढून नेली. एकेकाळी मेक्सिकोच्या सीमेवर लारेडोपर्यंत जाणारा ८१ आज फोर्ट वर्थलाच संपतो. यँक्टनच्या जुन्या पुलावरून २००८ पासून मोटारी जात नाहीत. नवा पूल सरकारी पैशाने झाला.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक मंडळी, एवढे ध्यानात घ्या : रस्त्याचा आरंभ गावाने करावा, पण त्याचा भार वेळीच सरकारच्या खांद्यावर द्यावा.